दैन

मुहर्रकच्या जुन्या कोर्टाचं दप्तर तळघरातून वर आलं
तेव्हा कागदांना मासळीचा वास होता,
किंवा मला तसा आला. मी हर्णैची.

काम सोपं: जुनं अरबी वाचायचं,
संगणकात नोंद करायची, पुढचं पान.
दुपारनंतर वरच्या मजल्यावर
कामगार-कोर्टात दुभाषी.

वह्या सालिफाच्या. सालिफा म्हणजे
मोती काढणाऱ्यांचं कोर्ट.
निवाडा करणारे बोटींचे मालक,
पुढ्यात उभे छाती फुटेतो बुडी मारणारे.
इतकं सरळ नव्हतं म्हणतात. असेल.
वही एवढंच म्हणते.

पान एकशे बारा.
मरहून, सालेमचा मुलगा, पाणबुड्या.
नाखुदा राशिदकडून उचल, रुपये दोनशे चाळीस.
रुपये आपलेच; तेव्हा इथे तेच चालत,
आणि मोठी अपिलं बोटीत बसून मुंबईला जात.
मरहून कुठेच गेला नाही.
हंगामाचा वाटा वजा. तांदूळ, खजूर, दोर मिळवून
बाकी दोनशे शहात्तर.
पुढच्या साली तीनशे चार.
त्यापुढे एकच ओळ:
मरहून वारला. बाकी त्याचा मुलगा फरज याच्या नावे.

फरजचं वय लिहिलेलं नाही.
अंगठा आहे.
मी माझी करंगळी त्यावर ठेवून पाहिली.
बसली.

कर्जाला अरबीत दैन म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं
कोणी आमच्या बंदरावरचंच बोलतंय: देणं.
नाखुदा, आमचा नाखवा.
वकील तोच, तारीख तीच, मुदत तीच,
पुकारा झाला की हजर, तेही तेच.
कोणी कोणाकडून किती शब्द उचलले, फेडले का,
असा दावा एकाही वहीत नाही.

पण आमच्याकडे देणं दोन जातींचं.
एक फेडायचं.
एक वरून मिळालेलं: गळा, हात, नजर.
मरहूनचा दम या दुसऱ्या जातीचा होता,
नोंद पहिल्या रकान्यात.

दुपारी सुधाकर भुवड, तवसाळचा.
सिमेंटच्या कामावर, नऊ महिने पगार नाही.
कंपनीचा वकील म्हणाला, उलट आमचंच याच्याकडे निघतं:
तिकीट, व्हिसा, खोली, हेल्मेट.
मी भाषांतर केलं.
हेल्मेट म्हणताना आवाज सपाट ठेवला.

न्यायाधीश तरुण, माणूस बरा. चष्मा पुसत म्हणाला,
विचारा याला, दैन आहे का काही.
मी सकाळपासून त्या वहीत होते,
तोंडातून निघालं ते असं:
तुम्हाला देणं आहे काही?

भुवड गोंधळला. मग लाजला.
इतक्या महिन्यांत
असं कोणी विचारलं नव्हतं त्याला.
म्हणाला, मृदंग वाजवतो मी. गावच्या नमनात.
बोटं अजून आहेत तशी.

माझी शपथ अशी की
साक्षीदार बोलेल ते सगळं, बोलेल तसं.
म्हणून सांगितलं: हा ढोल वाजवतो.
कारकुनाने टंकलं.
न्यायाधीशाने वर पाहिलं, काही खोडायला सांगितलं नाही.
वकिलाला विचारलं.
हरकत नाही, म्हणाला.

मग मी प्रश्न नीट विचारला.
भुवडने आकडा सांगितला, गावच्या पतपेढीचा,
जमिनीकडे बघत.
पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

आज सकाळी पान एकशे एकोणीस.
फरजचा अंगठा पुन्हा.
करंगळी आता पुरली नाही,
मधलं बोटही नाही.
अंगठ्याखाली बाकीचा आकडा आहे,
शाई तिथे पाण्याने पसरलीये.
भिंग मागवलंय.