ळ दाबला की य

डाव्या हाताची करंगळी एक पेर कमी आहे माझी.
केळीचा घड उतरवताना, मी सातवीत, विळा दादाच्या हातात.
आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.
बोट बरं झालं. कंट्रोल तेवढं लांब राहिलं,
कीबोर्डच्या पार कोपऱ्यात,
सावद्याचं स्टेशन सावद्यापासून आहे तसं.

ट्रेडिंगच्या ऑफिसात दिवसाला चाळीस पावत्या.
दिवाळीत मालकांच्या भाच्यानं जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं,
म्हणाला, ताई, यात सगळं बदलता येतं.
सगळं म्हणजे?
सगळं.

डबा बाजूला सारून उघडली ती फाईल:
साधा मजकूर, ओळीला एक सवय.
कॅप्सलॉक आधी उठवलं
(मोठी अक्षरं आपल्या लिपीत आहेतच कुठे?)
आणि कंट्रोलला त्याच्या जागी बसवलं.
अर्ध्या करंगळीला पोचलं.
वर काळी चिकटपट्टी लावली, खूण म्हणून.

मग खिडक्या. एकमेकींच्या अंगावर चढायच्या,
त्यांना पंगतीत बसवलं:
डावीकडे भाव, उजवीकडे बिल्टी, खाली काट्याचं वजन.
सुपर आणि बी, भाव. सुपर आणि जी, गाडी.
हिशोबाचा प्रोग्राम हट्टी निघाला,
ब्राउझर ज्यानं मिटतो त्यानं तो नवी पावती उघडायचा.
तीन दुपारी गेल्या त्याला वळण लावायला.
एस्केप अजून त्याच्याच मर्जीचं आहे. असू दे.

तसं हे काम मला नवं नव्हतं.
आमच्या घरात ळ दाबला की य उमटतो:
केयी, शाया, डोये, कायी माती.
पळसुले बाईंनी पट्टीनं तो परत ळ वर आणला,
त्यांचं आडनाव धड उच्चारेपर्यंत
मी फळ्यापाशी उभी.
तेव्हापासून माझ्यात दोन मांडण्या आहेत.
ऑफिसात ओट्यावरची चालत नाही.

माघात बऱ्हाणपूरला लग्नाला गेले.
माझ्या खुर्चीत हर्षल वारके, नवा पोरगा. फोन आला:
ताई, प्रिंट दिलं की खिडक्याच जागा बदलतात,
दिल्लीची गाडी काट्यावर उभी, ड्रायव्हर शिव्या देतोय.
मांडवात बँड. एका कानात बोट घालून मी,
कॅप्सलॉक दाब. हो, तेच कंट्रोल.
अरे, बटणावर लिहिलंय ते वाचू नको!
कुठलं ताई? कुठलं?
आणि तोंडातून निसटलंच,
ते कायं रे! कायं बटन दाब!

तिकडे क्षणभर काहीच नाही.
मग प्रिंटरची घरघर, बऱ्हाणपूरपर्यंत.

परत आले तर फाईलमध्ये एक ओळ जास्त होती,
पुढे ती जाळीची खूण असलेली,
जी मशीन सोडून देतं, माणसंच वाचतात:
# हे ताईच्या करंगयीसाठी. हलवू नये.

दुरुस्त करायला हात गेला. मग राहू दिलं.
अकरा पावत्या खोळंबल्या होत्या.