एका वाक्यात

चारच्या सुमारास भारंबे सरांचा फोन लागतो.
त्याआधी मीटिंग, त्यानंतर जाहिराती.
मधल्या सात-आठ मिनिटांत
अख्खा चोपडा तालुका सांगायचा असतो मला.

"एका वाक्यात सांग," ते म्हणतात,
"दुसरं लागलं, तर तुलाच कळलेली नाही बातमी."

मी सांगतो : स्टँडवर नवं यंत्र बसलंय,
गाड्या पुकारणारं.
"हे प्रसिद्धिपत्रक झालं. पुढे?"
मी सांगतो : त्याला आपली गावं येत नाहीत,
बोरअजंटीच्या गाडीला ते अजिंठा म्हणतं.
"हा विनोद झाला. शनिवारच्या पुरवणीला विचार."
मी निविदा, ठेकेदार, खर्चाचा आकडा काढू लागतो
तर पलीकडे कीबोर्ड वाजायला लागतो. म्हणजे
माणूस फोनवर आहे, कान नाही.

माझ्या दुकानात झेरॉक्सचं मशीन तापलेलं,
काउंटरवर कुणाचा तरी जातीचा दाखला.
मी डोळे मिटतो आणि शेवटाकडून सुरू करतो :

"सर, सोजाबाई कोळी, सत्तरीच्या पुढच्या,
कालच मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसरा डोळा आधीच गेलेला,
आज त्यांच्यासमोरून त्यांचीच गाडी दोनदा गेली."

कीबोर्ड थांबला.
इथे बातमीदाराने गप्प बसावं.
मी बसलो.

"दोनदा? पहिली किती वाजता?"
"अकरा वीस."
"दुसरी?"
"दीड."
"कुणी सांगितलं तुला?"
"कुणी नाही. मी समोरच्याच बाकावर होतो,
वही उघडून."

फोनमध्ये नुसता पंखा.
पहिल्या गाडीनंतर त्यांनी पिशवीतलं केळं
माझ्या आवाजाच्या दिशेने धरलं होतं.
"भाऊ, मनी गाडी कवय यी?"
येईल, बसा, म्हणालो होतो मी.
एक गाडी चुकली तर गैरसोय,
दोन चुकल्या की बातमी.
केळं गोड होतं.

"फोटो?"
"आहे."
"तीनशे शब्द. सहाच्या आत."
मग जरा थांबून,
"घरी कशा गेल्या त्या?"

दुकान तीनला उघडायचं होतं.
मी निघालो तेव्हा त्या बाकावरच होत्या.
स्टँडचा भोंगा इथवर ऐकू येतो;
सर उत्तराची वाट बघत होते
आणि तो पुकारत होता,
अजिंठा, फलाट तीन,
अजिंठा.