हजार चोवीस

दोनशे कॉलपर्यंत सगळं ठीक.
दोनशे एकावा मात्र नुसता शांत.
रिंग नाही, एंगेज नाही,
विहिरीत टाकलेला खडा
तळाला लागतच नाही, तसा.

अक्कलकोट रोडचा दवाखाना, जिन्याखालची खोली.
बाहेर चव्वेचाळीस अंश,
आत सर्व्हर, मी आणि मोईनचा टेबलफॅन.
लॉगमध्ये एकच ओळ, पुन्हा पुन्हा:
फार फायली उघड्या आहेत.

'मर्यादा वाढव की,' मोईन म्हणाला, 'एक आकडा तर बदलायचा.'
मी मोजायला बसले.
एका माणसाच्या बोलण्याला पाच दारं लागत होती.
आवाजाला एक.
आवाज नीट पोचला का, हे विचारायला एक.
घड्याळाला एक.
आणि 'जागा हो' एवढंच सांगायला एक नळी,
नळी म्हटली की तोंडं दोन.
दोनशे माणसं, हजार दारं,
वीस-बावीस घरचीच.
संपलं. हजार चोवीस.

रात्री अम्माला आकडा सांगितला.
मांडीवर सूप, हातात कात्री, मान वर न करता म्हणाली,
'वरचे चोवीस छाटीचे का गं?'

कारखान्यात द्यायच्या हजार विड्या,
आणि वरच्या वीस-पंचवीस
चेकर चुरगाळून टाकेल त्यांच्यासाठी.
पान तोलून मिळायचं.
एका पानात दोन बसतात की तीन,
यावर माझी फी ठरायची.
पान वाढवून माग, असं तिला कुणी सुचवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळी काढली,
तिथे एक घंटा टांगली, एकाच नंबरची.
घड्याळ सगळ्यांत मिळून एक,
शाळेच्या भिंतीवर असतं तसं.
पाचाचे तीन झाले.
(घंटा वाजवायलाच विसरले होते आधी.
अर्धा तास सगळे कॉल मुके.
मोईनला अजून सांगितलेलं नाही.)
मर्यादाही वाढवली शेवटी, थोडी.
छाटीपुरती.

सोमवारी दोनशे एकावा लागला.
ऐकायला नको होता, मी ऐकला.
कुंभारीहून कुणी बाई:
'रविवारी चालू असतो का दवाखाना?'
'नाही.'
'बरं.'
ठेवला.

तिचे तीन नंबर
पुढच्याने लगेच घेतले.