पेन्सिलीने चालेल का

शुक्रवारचा सहावा तास चित्रकलेचा होता.
आता वेळापत्रकात तिथे लिहिलंय, करिअर मार्गदर्शन.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, खैरनार,
दहावीला तसंही तुम्हाला काम नसतं फारसं.
म्हणून मी.
रंगाच्या डब्या कपाटात, कपाटाला कुलूप,
हातात कोऱ्या अर्जांचा गठ्ठा:
नाव, आवड, पालकांचा व्यवसाय, पुढे काय.

सातपूरची शाळा ही.
भिंतीपलीकडे पॉवर प्रेस दिवसभर पत्रा ठोकतो,
पाळी सुटल्याचा भोंगा झाला
की अर्धा वर्ग नकळत खिडकीकडे बघतो.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर झाड काढलं.
खोड म्हणजे दहावी, वर तीन जाड फांद्या,
सायन्स, कॉमर्स, आर्ट्स.
पानंही काढली, सवय आहे.
आयटीआय लिहायला जागा उरली
ती पार मुळांपाशी.
हर्षल पेखळे मागच्या बाकावरून म्हणाला,
सर, तिथे खाली फळं लागतात का?
भुईमुगाला लागतात की, तन्वीर मणियार म्हणाला.
वर्ग हसला.
मी डस्टर शोधत राहिलो.

याच तन्वीरने आवडीचा रकाना कोरा सोडलाय.
रविवारी शालिमारला मामाच्या दुकानात
मोबाईलच्या फुटक्या काचा बदलतो तो,
केसाएवढी वायर चिमट्याने उचलतो, श्वास धरून.
लिही की हे, म्हटलं.
म्हणाला, ते काम आहे सर. आवड नाही.

कॉलेज रोडवरच्या मोठ्या फाटकांतून कसं आत जायचं
हे शिकवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.
कुठल्या खिडकीवर, काय विचारायचं,
बाबूने वर न बघता नाही म्हटलं
तर तिथेच उभं कसं राहायचं.
आणि कागद. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा.
भूषणच्या एका दाखल्यावर भोये, दुसऱ्यावर भोय.
एका मात्रेसाठी त्याच्या वडिलांनी
पेठहून चार खेपा घातल्या,
चौथ्यांदा येताना मला नागलीचे पापड आणले.
कुठल्या तोंडाने घेऊ?
घेतले.

मग एका शनिवारी सगळ्यांना आयटीआयमध्ये नेलं.
टर्नरच्या शेडमध्ये लेथ फिरत होतं,
लोखंडाची साल निघत होती,
निळी, जांभळी, स्वतःभोवती गुंडाळत.
इतका निळा माझ्या कुठल्याच डबीत नाही.
वैदेही गांगुर्डे दाराशीच थांबली होती.
निघताना तिने गार झालेला एक तुकडा
रुमालात धरून कंपासपेटीत ठेवला.
तिची आई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला,
कंत्राटी, तेरा वर्षं.
पालकसभेत मला म्हणाली होती,
हिला नर्सिंगला घालायचंय सर,
पांढरे कपडे, पंखा, बसायला खुर्ची.
या बाईला मी काय समजावणार?
नर्सला खुर्ची कुठे मिळते, एवढंही बोललो नाही.

काल अर्ज भरायला दिले.
वर ठळक छापलंय, निळ्या किंवा काळ्या पेनने भरावा.
वैदेहीने हात वर केला.
सर, पेन्सिलीने चालेल का?

बावीस वर्षं मी हेच सांगत आलो,
आधी हलक्या हाताने काढा,
दाबलेली रेघ खोडली तरी कागदाला आठवते.
माझा अर्ज काकांनी भरला होता.
फाउंटन पेनने, माझ्याकडे न बघता.

चालेल, म्हणालो.
एक पेन टोपणात गेलं, मग दुसरं,
मग बेचाळीस कंपासपेट्यांचा खुळखुळाट,
कुणाला टोक नाही, कुणाला खोडरबर,
कितीतरी दिवसांनी
सहावा तास माझा वाटला.

आज गठ्ठा ऑफिसातून परत आलाय.
शेरा लाल शाईत: पेनने भरून द्यावेत.
बरोबर आहे त्यांचं.

घरी जेवण उरकून एकेक कागद दिव्यासमोर धरतोय.
वैदेहीच्या रकान्यात खोडलेलं नर्सिंग दिसतं,
त्यावर टर्नर, तेही खोडलेलं,
पुन्हा नर्सिंग, अर्धवट,
आणि सगळ्यांच्या वर, जेमतेम दिसेल असं,
टर्नर, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

पेन उघडं आहे माझ्या हातात.
सोमवारी तिलाच देतो.