टिबुकली

भेटायचं कुठं, यावरच चार फोन झाले.
माझ्याकडे नको, त्यांच्याकडे तर नकोच,
हॉटेलात चहाचे पैसे कोण देणार हा नवाच वाद.
शेवटी भाचा वैतागून म्हणाला,
पाषाणच्या तलावावर भेटा,
सकाळी तिथं माणूस नसतं.

माणूस होता.
फाटकाशी लोखंडे, मांडीवर रजिस्टर, पायाशी थर्मास.
'डबा आत न्यायचा नाही. मोबाइलवर गाणी नाहीत.
आणि जरा हळू बोला, पक्षी बुजतात.'
आम्ही दोघींनी एकदम माना डोलावल्या.
हळू काय,
साडेचार वर्षं आम्ही बोललेलोच नाही.

वाट बांबूच्या बेटाखालून जाते.
वारा नसतानाही बांबू करकरतात,
कुणीतरी कूस बदलल्यासारखे.
पुढे करंज, शिरीष, नाव नसलेली झुडपं,
रान म्हणावं इतकं दाट नाही,
बाग म्हणावं इतकं आज्ञाधारक नाही.
मागे हायवेची घरघर, लांबच्या गिरणीसारखी.
वन्सं पुढे, मी मागे.
त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा शिवून घेतलेला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काठावर एक बाक.
मध्ये पिशवी, पिशवीत हक्कसोडपत्र.
कोथरूडचा दोन खोल्यांचा ब्लॉक, सासूबाईंच्या नावचा,
वन्संची एक सही झाली
की मी सुटले, त्याही सुटल्या,
असं वकील म्हणतो.

पाण्याला वास आहे, खोटं कशाला सांगू.
अर्ध्या तळ्यावर जलपर्णी पाय पसरून बसलेली.
उरलेल्या अर्ध्यात बाणेरची टेकडी उलटी,
आणि तिच्या माथ्यावरून
बदकांची एक जोडी सावकाश पोहत गेली.
फलकावर चित्र होतं, खाली नाव.
वन्संनी ओठ हलवत वाचलं:
हळदीकुंकू बदक.
आणि तोंड फिरवलं.

हे गेले त्या वर्षी, संक्रांतीला,
त्यांच्या घरून सगळ्या सोसायटीला बोलावणं गेलं.
मला नाही.
ब्लॉकचं भांडण नंतरचं.
ते कागदावर मांडता येतं, म्हणून तेच मांडलं.

मग ती आली.
मुठीएवढी, तपकिरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
इकडे तिकडे पाहिलं आणि बुडाली.
पाणी मिटलं, जसं काही झालंच नाही.
कुठे निघेल?
मी मनातल्या मनात डावीकडचं खोड धरलं.
निघाली भलतीचकडे.
पुन्हा बुडी.
आता वन्संही मोजत होत्या,
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता,
अकरा, बारा, तेरा,
माणूस असता तर आपण हाका मारल्या असत्या,
सतरा,
'तिकडे,' वन्सं म्हणाल्या.

साडेचार वर्षांतला पहिला शब्द.
तोही चुकला.
टिबुकली वर आली थेट आमच्या पायाशी, लव्हाळ्यात,
चोचीत ठिणगीएवढा मासा,
आणि आम्हाला बघून इतकी दचकली
की मासाच सुटला.

हसू आलं.
आवाज न करता हसायचं, लोखंडे ओरडेल,
म्हणून दोघींच्या तोंडात पदर, खांदे गदगदताहेत.
ह्यांचं हसू असंच होतं,
आतल्या आत, डोळ्यांतून पाणी काढणारं.
हे कुणाला आधी आठवलं ते माहीत नाही.
एवढंच कळलं की दोघी एकदम थांबलो.

पेन होतं. चालत होतं.
मुद्दाम सांगते, भाचा विचारेल.

दहाला लोखंडेची शिट्टी.
रजिस्टरात बाहेर पडल्याची वेळ लिहायची,
शेजारच्या रकान्यात भेटीचं कारण.
वन्संनी चष्मा चढवला,
माझंही नाव त्यांनीच लिहिलं, सासरचं, सगळं, शुद्ध,
कारणापाशी जरा अडल्या,
मग लिहिलं: पक्षी.
आणि खाली सही केली.
त्या दिवसाची तेवढीच.

बाहेर रिक्षा एकच उभी होती.
मीटरचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आहेच.