डावी बाजू

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत माझा अ‍ॅम्प्लिफायर.
तीन शनिवार लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सामान.
मन्सूरभाईनं ट्रान्झिस्टर कागदाच्या पुडीत बांधून दिले,
फुटाणे द्यावेत तसे,
आणि वर म्हणाला, "जोडीनंच लावा हां.
नवराबायको आहेत. एक तापला की दुसऱ्याला कळतं."

पहिल्या रात्री नुसतीच घूं.
पन्नास हर्ट्झची, भिंतीतून येणारी,
गोदीत आम्ही जिला 'म्हातारी कण्हतेय' म्हणायचो तसली.
ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला, थोडी कमी झाली.
मग अर्थच्या सगळ्या तारा सोडवल्या
आणि एकाच स्क्रूखाली दाबल्या.
म्हातारी गप्प.

दुसऱ्या रात्री मीटर.
उजवीकडं चार मिलिव्होल्ट, डावीकडं एकशे साठ.
बरं झालं हेडफोन अजून लावला नव्हता,
पडदा एका अंगाला ढकलून धरला असता त्यानं,
दारात पाय घालून उभ्या राहणाऱ्या वसुलीवाल्यासारखा.
प्रीसेट अर्धा फेरा. पाव फेरा.
मग स्क्रूड्रायव्हर हलला की नाही कळू नये इतकाच.
आकडा उतरतो, शून्याला शिवतो,
पलीकडं उडी मारून उणे होतो.
ये बाबा, परत ये.
सुनेत्रा झोपेतून म्हणाली, "लाइट."
"दोन मिनिटं."
दोनाची चाळीस झाली, पण आकडा तीनवर थांबला
आणि थांबूनच राहिला.
हीटसिंकवर बोट ठेवलं:
कोमट, ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाएवढं.

तिसऱ्या रात्री गाणं.
आणि डावी बाजू बारीक.

याची एक रीत असते.
आधी इनपुटच्या तारा अदलाबदल करायच्या,
दोष तारेबरोबर गेला तर तो मागचा, उगमातला.
गेला नाही.
मग जॅकपाशी आउटपुट फिरवायचं,
दोष सरकला तर तो डब्यातला.
सरकला नाही.
मग हेडफोनच उलटा घालायचा,
'एल' उजव्या कानावर, 'आर' डाव्या.

डावी बारीकच.

सोल्डरिंगची गन बंद केली.
खाली माझगावच्या रस्त्यावर कुणी शटर ओढलं.
दुसरं ओढलं तेव्हा उजव्या कानात बोट घालून ऐकलं:
शेजारच्या खोलीत कुणी हळूच गादी अंथरल्यासारखं.

सर्किटमध्ये आता एकच पार्ट तपासायचा राहिला होता,
आणि तो लॅमिंग्टन रोडला मिळत नाही.

एकवीस वर्षं मी उभा होतो
प्लेटा ठोकणाऱ्या नॉर्बर्टच्या उजव्या हाताला.
कानात घालायला स्टोअरमधून कापूस मिळायचा, महिन्याला एक गुंडाळी.
आम्ही तो घरी न्यायचो.
आई वाती वळायची त्याच्या,
म्हणायची, सरकारी कापूस छान जळतो.

मग मी काय केलं,
डावीचा गेन चढवला, दीड फेरा.
गाणारी बाई उठली
आणि माझ्या कपाळाच्या बरोबर मधोमध येऊन बसली,
तंबोऱ्यासकट.
पहाटे साडेतीनपर्यंत तिला तिथून हलू दिलं नाही.

सकाळी सुनेत्रानं ओट्यावर चहा टाकून हेडफोन लावला,
डोळे मिटले, मान तिरपी केली.
"छानच झालंय रे. पण ही बाई
डावीकडं सरकून का गातेय?"
"ट्रान्झिस्टर," मी म्हणालो. "जोडी जुळलेली नाही."
"असं होय," म्हणाली.

मग दोन कप घेऊन आली,
माझ्या डाव्या हाताची रिकामी खुर्ची ओलांडून
उजवीकडच्या स्टुलावर बसली
आणि बोलायला लागली, नेहमीच्या आवाजात,
गॅसचा नंबर, पाण्याची वेळ.

स्टूल ते. पाठ टेकायला काही नाही.
कधीपासून बसतेय ती त्या बाजूला,
आठवेना.