बाहेरून आत

तुळसाचा उजवा हात प्लास्टरात.
मजगावच्या उतारावर दुधाची किटली वाचवायला गेली
आणि मनगट मोडून बसली. किटली वाचली.

म्हणून सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
माझा कामाचा शर्ट
मळका असताना माझ्या हातात आला.

मी बादलीत कढत पाणी ओतलं.
पायरीवरून ती ओरडली,
'गरम पाणी घालूलालासा? मग काय,
डाग ऱ्हातोय शर्टातच, घरजावयासारखा.'

पाणी मोरीत गेलं. मग ती सांगेल तसं:
शर्ट कोरडाच पसरायचा फरशीवर,
खाली रद्दीचा थर. एक पेपर मराठी, एक कानडी,
दोन्ही तेल सारखंच पितात.
वर खडूची पूड. खडू नव्हता.
नीलव्वानं कुंपणावरून पावडरचा डबा दिला,
'स्वल्प तडीरी' म्हणाली, आणि खरंच
थांबावं लागतं. पावडर घाई करत नाही.
तेवढ्यात चहा होतो. तोही मीच केला,
साखर कुठल्या डब्यात हे विचारून.

रेशनचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली,
तिच्याकडं बाटली होती. मोरीवरच्या फळीवर,
माझ्या शर्टांसाठी राखलेली.
बोळा भिजवला आणि मी मधूनच घासत सुटलो.
रुपयाएवढा डाग पुरीएवढा झाला.

'बाहेरून आत,' ती म्हणाली. 'कडेवरनं मधे यायचं.
आधी हद्द धरायची.'
बेळगावच्या माणसाला हद्द शिकवतेस होय,
मी हसलो.
ती हसली नाही. शर्ट मागून घेतला,
डाव्या हातानं नाकाशी धरला.

बाहीवर ग्रीस, म्हणाली, ते नेहमीचं.
खिशाशी बिडाची काळी पूड, ती मागल्या वर्षापासून हाय.
'पण पोटावरचं हे पिवळं, मेणचट,
हे लेथचं नव्हे.
लेथचं पाणी दुधागत असतंय, आंबूस वास,
दोन हातांत निघतंय.
हे मालाला फासायचं, खोक्यात भरायच्या आधी,
गंज धरू नये म्हणून.
आमचा परशराम दोन वर्षं पॅकिंगला होता.
त्याची कापडं कोण धूत होतं?'

बोळा माझ्या हातात तसाच. बोटांतून थेंब गळत होते.

दिवाळीनंतर उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये
काचेच्या दाराचं मशीन आलं.
बटणं दाबणारा पोरगा चंदगडकडचा, हुशार,
संध्याकाळपर्यंत त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही.
माझं लेथ टेम्पोत घालून नेलं.
मला खोकी दिली.
पगार तोच आहे, असं सांगणार होतो.
वाक्य तयार होतं. रोज गाडी स्टँडला लावताना म्हणून बघायचो
आणि आत येऊन जेवायचो.

'तुला कवा कळलं?'

'संक्रांतीला. तवापासनं
रॉकेल जास्त लागूलालंय.'

एवढंच. मग भांड्याचा साबण,
उलट्या बाजूनं, बोटाच्या पेरानं.
पिळायचं नाही, नुसतं दाबायचं.
तीनदा पाणी बदललं. पहिल्या पाण्यावर
मोरपिसासारखा तवंग आला होता,
सांडायच्या आधी दोघांनीही तो बघितला.

तारेवर टाकल्यावर उन्हात दिसलं,
पोटाशी अजून एक फिकट कडा.
'ऱ्हाऊ दे,' ती म्हणाली, 'पुढच्या खेपेला.'

दुसऱ्या दिवशी खोक्यांपाशी उभा राहून
तेलकट हात पोटाला पुसायला गेलो, सवयीनं.
लेथपाशी खुंटीला फडकं असायचं,
इथं कुणी लावलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत पिशवी उघडली.
डब्याखाली घडी होती, तिच्या जुन्या सुती साडीची,
एक टोक दातांत धरून
डाव्या हातानं फाडलेली,
कड सगळी वाकडी.